करार सप्टेंबरपर्यंतचा, जीव दांडिया बाजारात

आदरणीय काकू,

तुमचं सदर नेहमी वाचते, स्वतःच लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझा धाकटा मुलगा नुकताच एकोणीस वर्षांचा झाला. आठव्या वर्षापासून मोतीबागेच्या मैदानावर क्रिकेट खेळतोय. डावखुरा स्पिनर आहे, खाली येऊन चार फटके मारतोही. यंदा इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका क्लबने त्याला ओव्हरसीज खेळाडू म्हणून घेतलं. करार एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. राहायची सोय आणि परतीचं तिकीट क्लबचं, वर आठवड्याला थोडे पैसे. त्याने शनिवार-रविवार मॅच खेळायची आणि दोन संध्याकाळी तिथल्या लहान मुलांना शिकवायचं. जायचं तिकीट, किट, गरम कपडे आणि एजंटची फी यासाठी आम्ही पतपेढीतून दीड लाख काढले.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग रात्री दीड-दोनला फोन यायला लागले. "आई, मला नाही राहायचं इथं." ब्रेड आणि अंड्यांवर दिवस काढतो. मॅच असते त्या दिवशी फोन येत नाही, दमून झोपत असेल. बाकी रोज. मी रात्री व्हिडिओ कॉल चालूच ठेवते, फोन ओट्यावर डब्याला टेकवून, म्हणजे त्याला घरात असल्यासारखं वाटेल. त्याला सांगितलंय, नाहीच जमलं तर मी तिकीट काढते.

यांचं म्हणणं, करार म्हणजे करार. निघायच्या आधी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, पेपरात फोटो आला. आता दोन महिन्यांत परत आला तर लोकांना काय सांगायचं? यांच्याशी तो बोलतच नाही, फोन मलाच. एजंट म्हणतो, मध्येच सोडलं तर क्लब अख्ख्या हंगामाचा खर्च वसूल करेल आणि पाच वर्षं व्हिसा मिळणार नाही. क्लबमध्ये त्याने कुणालाच सांगितलेलं नाही, तिथे हसतमुख असतो. गणपतीत तो घरी नसेल या विचारानेच मला भरून येतं. बोलावून घेऊ का त्याला? की मीच पंधरा दिवस जाऊन येऊ?

— एक आई, दांडिया बाजार, बडोदा

ताई,

आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. आजच्या फोनवर त्याला सरळ विचारा: झोप किती लागते, कपडे सैल व्हायला लागलेत का, आणि जगूच नये असं कधी मनात येतं का. तिसरा प्रश्न विचारायला आईची जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. पण विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, आधीपासून असलाच तर बाहेर येतो. उत्तर 'हो' आलं, किंवा तो नुसताच गप्प राहिला, तर करार, कर्ज, सत्कार सगळं बाजूला ठेवायचं. त्याच घटकेला क्लबमधल्या कुणातरी मोठ्या माणसाला त्याच्याजवळ पाठवायचं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा १११ हा नंबर आहे, समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ चोवीस तास फुकट चालतो. आणि इथे तुमचाच धीर सुटला तर आपल्याकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आहे. तसं असेल तर मुलाला घरी आणा, माझ्या उत्तराची वाट पाहू नका.

पत्रावरून मला तसं वाटत नाही. तसं न वाटण्याचं कारण तुम्हीच लिहून पाठवलंय आणि पुढे निघून गेलात. "मॅच असते त्या दिवशी फोन येत नाही." दमून झोपत असेल, असं तुम्ही म्हणता. एकोणीस वर्षांचं पोर आठ तास मैदानात राहून आल्यावर आईशी पाच मिनिटं बोलू शकणार नाही इतकं दमत नाही. त्या दिवशी त्याला फोनची गरज पडत नाही, एवढंच. सकाळी किट भरायचं, कुणीतरी गाडीतून न्यायला येतं, पन्नास षटकं, मधे चहा आणि सँडविच, कुणी पन्नास केल्या की मैदानभर डबा फिरवून पैसे जमवायचे, संध्याकाळी क्लबात गप्पा. माणसांत असतो तो. क्रिकेटवर त्याचं मन नाही असं समजून घरात जी चर्चा चालली असेल ती आधी थांबवा.

त्रास आहे तो सोमवार ते शुक्रवारचा. हे क्लब म्हणजे काही आयपीएलच्या टीम नव्हेत. पगारी खेळाडू एक, फार तर दोन. बाकीचा संघ म्हणजे कुणी प्लंबर, कुणी शाळामास्तर, कुणी विमा कंपनीत. सोमवारी सकाळी ते सगळे कामावर जातात आणि मैदानावर रोलर फिरवणारा एक म्हातारा सोडला तर कुणी नसतं. तुमचा मुलगा त्या वेळी काय करतो? क्लबने दिलेल्या खोलीत पडून मोबाइल बघतो. बाहेर पाऊस. आणि जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. ज्या मुलाने जन्मात दोन तास एकट्याने काढले नसतील, सकाळी नेट्स, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि परत येताना कोपऱ्यावर चौघांत सेव-उसळ, त्याला अचानक आठवड्यातले पाच दिवस रिकामे दिलेत. मोठ्या माणसाचंही डोकं फिरेल.

म्हणून त्याला घराची आठवण येऊ नये यासाठी तुम्ही जे करताय ते कमी करा आणि त्याचे मधले रिकामे दिवस भरून काढा. क्लबला विचारायचं, मैदानाच्या माणसाच्या हाताखाली सकाळी दोन तास काम करू का? कव्हर ओढणं, गवत कापणं, खेळपट्टीवर माती भरणं. बहुतेक क्लबांना अशी माणसं कमीच पडतात, ते नाही म्हणणार नाहीत. पैशाचा विषय काढायचा नाही, आणि बिनपैशाचं कामही त्याच्या व्हिसात बसतं का ते आधी बघायचं, व्हिसाचं पुढे येईलच. शिवाय स्पिनरने खेळपट्टी हाताने चाचपलेली बरी. आसपासच्या शाळेत दुपारी क्रिकेट असेल तर तिथेही जाता येईल, अर्थात क्लबच्या संमतीने.

दुसरी गोष्ट जेवणाची, आणि इथे बडोद्याचं असण्याचा त्याला फायदा आहे. ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन या लँकेशायरकडच्या गावांत भरूच-सुरतेकडची माणसं दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. देवळं आहेत, किराणा आहे, तूरडाळ आणि मेथी मिळते. तुमच्या मुलाला गुजराती मराठीइतकंच येतं ना? मग बसमध्ये बसून मधल्या वारी एक सकाळ तिकडे काढू दे. पुण्याच्या मुलाला जिथे तोंड उघडायला दोन महिने लागतील तिथे आपल्या बडोद्याचा मुलगा "केम छो" म्हणून आत जाऊन जेवून येईल. त्याला वरण-भात लावायला शिकवून पाठवलं होतंत का? नसेल तर आता शिकवा, व्हिडिओ कॉलचा तेवढाच चांगला उपयोग. कुकर नको, पातेल्यात डाळ अर्धा तास भिजवून शिजते.

आता त्या व्हिडिओ कॉलबद्दल. रागावू नका. ओट्यावर डब्याला टेकवलेला फोन बंद करा. त्यातून त्याला घर मिळत नाही, घर तिकडे आहे आणि आपण इकडे, हेच रोज दोन तास दिसत राहतं. फोडणीचा आवाज ऐकायचा आणि समोर थंड ब्रेड. शिवाय तुमची झोप गेली की दुसऱ्या दिवशी तुमचा आवाज पडतो, आणि आईचा आवाज पडलेला मुलाला पहिल्या वाक्यात कळतो. मग तो तुमची काळजी करतो, तुम्ही त्याची. सोमवार आणि गुरुवार ठरवा, आपल्याकडे रात्री साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच, नेट्सला निघायच्या आधी. अर्धा तास. मधल्या दिवशी त्याला वाटलं तर त्याने मेसेज टाकावा, अडीअडचणीला फोन आहेच. रात्री दीडला आलेला फोन उचला, पण दोन मिनिटांत "झोप आता, उद्या बोलू" म्हणून ठेवा. त्या वेळी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, त्यानेही नाही, तुम्हीही नाही.

"मी तिकीट काढते" हे मात्र ताबडतोब मागे घ्यायचं वचन आहे. घर सोडून शिबिरांना, वसतिगृहांना जाणाऱ्या मुलांच्या त्रासावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली एक सविस्तर टिपण काढलं. आवडलं नाही तर येऊन घेऊन जाईन, असा सौदा आईबापांनी आधी करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कारण मग मूल तिथे राहायला शिकत नाही, घेऊन जाण्याची वाट बघतं. तुमचा मुलगा लहान नाही, हे खरं. तरी गंमत अशी की तिकीट आईच्या हातात असेल तर एकोणीस वर्षांचाही सहा वर्षांचा होतो. रोज सकाळी उठून "आज सांगू का?" एवढाच प्रश्न. बॅग तरी उघडली असेल का त्याने पूर्ण? विचारून बघा.

याचा अर्थ यांचं बरोबर, असा नाही. यांना आता माझ्याकडून दोन शब्द.

साहेब, मुलगा घराच्या आठवणीने रडतो यात तुम्हाला कच्चेपणा दिसतो. स्पेनचा हेसूस नावास हा फुटबॉलपटू तुम्हाला यूट्यूबवर सापडेल. सेव्हियाबाहेर राहावं लागलं की त्याचा जीव घाबरा व्हायचा, इतका की तो सराव शिबिरं अर्ध्यात सोडून घरी परतायचा, देशाच्या संघात खेळणं त्याने टाळलं होतं. त्याने उपचार घेतले. २००९ मध्ये स्पेनकडून पहिला सामना खेळला, २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरला आणि ज्या चालीतून विजयी गोल झाला ती चाल त्याच्या धावेतून सुरू झाली. पुढे २०१३ ला मँचेस्टरला जाऊन चार हंगाम राहिला. तुमच्या पोराच्या खोलीपासून ते फार लांब नाही. त्याला भीती वाटायची आणि तो खेळाडूही होता, दोन्ही एकाच वेळी.

तो तुमच्याशी बोलत नाही कारण तुम्ही त्याच्याशी कराराबद्दल बोलता. मोतीबागेवर स्कूटरवरून त्याला सोडायला कोण जायचं? तेच बोला. तिकडची विकेट कशी आहे, चेंडू थांबून येतो का, सीम ओली असते का? एप्रिल-मेमध्ये तिथे बोटं इतकी गार पडतात की डावखुऱ्या स्पिनरला चेंडू धरताच येत नाही. खिशात हात घालून, ओव्हरच्या मधे बोटं चोळत उभं राहावं लागतं. पट्टी मऊ, चेंडू सावकाश येतो आणि बॅट्समन मागे जाऊन आरामात मारतो. मोतीबागेवर जो चेंडू हातभर वळतो तो तिथे नुसता पडून राहतो. पहिल्या सहा आठवड्यांत त्याला किती विकेट मिळाल्या, ताईंनी लिहिलेलं नाही, म्हणजे कमीच असणार. रात्रीच्या दीडच्या रडण्यात निम्मं हेही असेल, आणि ते आईला सांगता येत नाही, बापाला सांगता येतं. जूनच्या शेवटी पट्ट्या सुकतात, हे त्याला तुम्ही सांगा.

आता करार. घरात एवढं करार-करार चाललंय, तो वाचलाय कुणी? माझा अंदाज, एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल कुणीतरी पहिल्या पानापर्यंत बघितली आणि सही झाली. आज बसून पूर्ण वाचा, इंग्रजी जड गेलं तर ओळखीचा वकील गाठा. मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस द्यायची आहे, आजारपण किंवा घरच्या अडचणीसाठी रजेचं काही आहे का, मध्येच सोडल्यास काय परत द्यायचं, तिकीट कोणत्या अटीवर. एजंटशी जो कागद झाला तो वेगळा, तोही बाहेर काढा. फी परत मिळणार नाही म्हणून तो तुम्हाला घाबरवतोय की त्याचा पुढचा व्यवहार त्या क्लबशी आहे म्हणून, हे त्यातून कळेल.

एजंटच्या दोन्ही धमक्यांत फारसा दम नाही. इंग्लंडातलं कोर्ट कुणाला बळजबरीने खेळायला लावत नाही. १८५२ साली लंडनच्या एका नाटकगृहाच्या मालकाने योहाना वॅग्नर या गायिकेवर दावा लावला होता. तीन महिने आपल्याकडे गायचं कबूल करून ती दुसरीकडे निघाली होती. कोर्टाने तिला दुसरीकडे गायला मनाई केली, पण याच्याकडे गा असा हुकूम देता येणार नाही हेही सांगितलं. आजही तेच आहे. क्लबचं जे खरं नुकसान झालं ते तो मागू शकतो, शिक्षा म्हणून मनाला येईल तो आकडा नाही. आणि क्लबचं खरं नुकसान काय? पगारी खेळाडू आला नाही की त्या शनिवारी पैसे देऊन बदली खेळाडू आणावा लागतो. क्लबला वेळेवर सांगितलं तर बदली मिळतो, शुक्रवारी रात्री सांगितलं तर मिळत नाही. नुकसानीचा आकडा बराचसा यावरच ठरतो.

व्हिसाचं दोन मिनिटांत. पासपोर्ट-कागद काढून व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. क्लबच्या स्पॉन्सरशिपवरचा असेल तर तो खेळायचं थांबल्यावर क्लबला तिथल्या गृहखात्याला कळवावं लागतं आणि मग त्याला देश सोडावा लागतो. तसं कळवून वेळेत निघून येणं हा काही गुन्हा नाही. मुदत संपल्यावर तिथेच राहिला तर पुढे दारं बंद होतात. एजंटने मात्र पर्यटकाच्या व्हिसावर पाठवून तिथे कोचिंगचे पैसे हातात दिले जात असतील, तर ती वेगळी आणि गंभीर भानगड आहे, कारण त्या व्हिसावर काम करता येत नाही. तसं निघालं तर आधी व्हिसाच्या वकिलाकडे जा, बाकी सगळं मागून. बाहेर खेळायला आपल्या असोसिएशनमार्फत बोर्डाचं ना-हरकत घेतलं होतं का, तेही पाहून ठेवा. परत आल्यावर निवड चाचणीच्या वेळी तो कागद लागेल.

शब्द दिला की पाळायचा, हे यांचं मी खोडत नाही. पण शब्द पाळण्यात समोरच्याशी बोलणंही येतं. १९५२ ची गोष्ट बडोद्यात तरी सांगायला हवी, कारण त्या दौऱ्यात भारताचे कप्तान आपले विजय हजारे होते. विनू मांकड त्या उन्हाळ्यात लँकेशायरच्याच हॅस्लिंग्डन क्लबशी करारबद्ध होते. निवड पक्की असल्याची हमी क्रिकेट मंडळाने दिली नाही म्हणून त्यांनी क्लबचा करार केला होता. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली आणि मंडळाला मांकड आठवले. मग कुणी पळून गेलं नाही की करार फाडला नाही. मंडळ क्लबशी बोललं, क्लबने माणूस सोडला. लॉर्ड्सवर मांकडनी ७२ आणि १८४ केल्या आणि एका डावात १९६ धावांत पाच विकेट घेतल्या. सामना आपण हरलो, हेही सांगते. करार होता, आणि मागितल्यावर वाटही निघाली.

तुमच्या घरात सगळ्यांनी सगळ्यांशी बोलून झालंय: मुलगा आईशी, आई मेव्हण्या-भावांशी, बाप मंडळाशी, एजंट सगळ्यांशी. ज्याच्याशी करार आहे त्या क्लबला मात्र काही माहीत नाही. तो मुलगा मंगळवारी हसत नेट्सला जातो आणि क्लबचा सेक्रेटरी घरी जाऊन बायकोला सांगत असेल, पोरगा छान रमलाय. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की पहिला शब्द तिथे गेला पाहिजे. या आठवड्यात. मेसेजने नाही, समोर बसून, सेक्रेटरी किंवा कप्तान यांच्यापैकी जो घरी जेवायला बोलावतो त्याच्याशी. "मला इथे फार एकटं वाटतंय, झोप लागत नाही, मी काही न सांगता निघून जाणार नाही, पण मदत हवीय." तीन वाक्यं. ती त्यालाच बोलायची आहेत. तुम्ही क्लबला फोन करायचा नाही, तो सज्ञान आहे आणि सही त्याची आहे. घरातली खोली रिकामी असलेलं एखादं कुटुंब निघतं, कुणी आपल्या शेजारी राहायला नेतं. परदेशी पोरं एकटी पडतात हे या क्लबांनी याआधी पाहिलेलं असतं. त्याच लँकेशायरमध्ये नेल्सन क्लबकडे १९२९ साली त्रिनिदादहून लिअरी कॉन्स्टंटाइन आला होता. परकं गाव, वळून बघणारी माणसं. पहिल्याच हंगामात तोही सोडून जायला निघाला होता, बायको नॉर्माने धीर दिला. मग नऊ हंगाम राहिला. पुढे १९६९ मध्ये त्याला ब्रिटनच्या उमराव सभेत जागा मिळाली तेव्हा त्याने आपल्या पदवीत त्रिनिदादच्या गावाबरोबर नेल्सनचं नाव घातलं.

तुमचा मुलगा कॉन्स्टंटाइन होईल असं मी म्हणत नाही. एक तारीख ठरवा, जुलैचा शेवट म्हणा. तोपर्यंत वर सांगितलेलं सगळं करून बघायचं आणि त्या दिवसापर्यंत घरात 'परत' हा विषय नाही. माझा स्वतःचा कौल विचाराल तर, त्याचे मधले पाच दिवस भरले आणि चार विकेट मिळाल्या की तो हंगाम काढेल. नाही काढला, तर क्लबला तीन-चार आठवडे आधी सांगून, दोघांच्या संमतीचा कागद लेखी करून, हिशोब मिटवून यावं. ऑस्ट्रेलियातले त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचे क्लब आयर्लंडची पोरं उचलून नेतात, त्यांच्यात घरी परतणं नेहमीचंच आहे. केरी परगण्याचा टाइग केनेली असाच सिडनीला गेला. २००५ मध्ये तिथलं विजेतेपद मिळवलं, त्याच वर्षाअखेर त्याचे वडील गेले. ते स्वतः केरीचे नावाजलेले खेळाडू होते. २००९ मध्ये तो क्लबशी बोलून घरी आला, केरीकडून गेलिक फुटबॉल या तिथल्या खेळाचं आयर्लंडचं अजिंक्यपद जिंकला, आणि पुढच्या वर्षी त्याच सिडनीच्या क्लबने त्याला परत घेतलं. त्या क्लबला तो का जातोय हे माहीत होतं. पहाटे बॅग घेऊन विमानतळ गाठणाऱ्याला कोण परत घेईल?

दीड लाख मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. तो जूनमध्ये आला काय आणि सप्टेंबरमध्ये आला काय, पतपेढीचा हप्ता तेवढाच आहे, आणि ते कर्ज तुम्ही दोघांनी काढलंय. सत्काराचं तर बोलायलाच नको. शाल मंडळाने घातली, ती त्याने मागितली नव्हती. मंडळाला दर वर्षी कुणीतरी सत्काराला लागतंच. पुढच्या वर्षी बारावीला पहिली आलेली मुलगी असेल, तुमचा मुलगा कुठल्या महिन्यात परतला हे तेव्हा कुणाला आठवणारही नाही.

तुम्ही जाऊ का, असं विचारलंय. आत्ता नको. पंधरा दिवस तुम्ही स्वयंपाक कराल, तो जेवेल, आणि सोळाव्या दिवशी मँचेस्टरच्या विमानतळावरून एकटा खोलीवर परतेल तेव्हा पहिल्यापासून सुरुवात. तो पैसा राखून ठेवा. गणपतीत त्याला त्याच्या खोलीत पाटावर एक सुपारी मांडू दे आणि त्या बोल्टन-प्रेस्टनच्या ओळखींपैकी कुणाला आरतीला बोलावू दे.

आणि कराराची सगळी पानं मला पाठवा, नाव-पत्ते झाकून, एजंटच्या कागदासकट. नोटिशीचं कलम काय म्हणतं ते मी एका वकील मैत्रिणीकडून वाचून घेते. ते उत्तर सदरात छापणार नाही, तुम्हालाच थेट कळवीन.